खुलासा : आपद्ग्रस्तांच्या पाकिटात ‘जितकं प्रोटीन तितकं चांगलं’?

‘पूरग्रस्तांना बिस्किटं कसली पाठवता, बिस्किटांत दम नसतो, प्रोटीन बार पाठवा; जितकं प्रोटीन तितकं चांगलं’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. हेतू चांगला असला तरी सल्ला चुकीचा आहे.

प्रोटीन पचल्यावर युरिया तयार होतो आणि तो लघवीवाटे बाहेर टाकायला पाणी लागतं. पुरात सगळीकडे पाणीच पाणी, पण पिण्याजोगं घोटभरही नाही, अशा वेळी भरमसाट प्रोटीन म्हणजे तहानेत भर. जहाजांच्या जीवरक्षक नौकांमधल्या कोरड्या वड्या पाहा: भर पिष्टमय पदार्थ आणि स्निग्धांशावर, प्रोटीन बेताचं. त्या नौकेत माणशी किमान 10,000 किलोज्यूल (म्हणजे सुमारे 2,400 किलोकॅलरी) ऊर्जा देणारं अन्न आणि 3 लिटर पाणी ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. अन्नासोबत पाणी मोजलंय, हे लक्षात घ्या.

म्हणून प्रोटीन नकोच, असंही नाही. मदतकार्यातल्या ‘स्फिअर’ मानकांनुसार माणशी रोज 2,100 किलोकॅलरी लागतात आणि त्यातल्या 10 ते 12 टक्के प्रोटीनमधून याव्यात. म्हणजे दिवसाला साधारण 53 ते 63 ग्रॅम, तेही दिवसभराच्या सगळ्या खाण्यातून.

मेसेजमधलं ‘बिस्किटांत दम नसतो’ हे तर सरळ खोटं. आपत्कालीन बिस्किटं 100 ग्रॅमला 450 किलोकॅलरीच्या आसपास देतात, चूल लागत नाही, शिवाय जीवनसत्त्वं मिसळलेली असतात. दात नसलेल्या आजीला तीच बिस्किटं उकळून गार केलेल्या पाण्यात कुस्करून देता येतात. चिवट बारचं तसं करून बघा! सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र यातलं काहीच द्यायचं नाही.