‘यूकॅटची तयारी करता येत नाही’ म्हणे!

ब्रिटनमध्ये मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या पालकांत एक मेसेज फिरतोय. ‘यूकॅट ही ॲप्टिट्यूड टेस्ट आहे. तिला अभ्यासक्रम नाही, म्हणून अभ्यासही नाही. अंगात हुशारी असेल तर गुण पडतात. न येणारा प्रश्न कोरा सोडावा. बिघडलंच तर पुन्हा द्यावी. माझ्या भाच्याला काहीही न करता २,८०० पडले.’

अभ्यासक्रम नाही, हे कबूल. पण व्हर्बल रीझनिंगचा, म्हणजे उतारे वाचून उत्तरं द्यायच्या विभागाचा, हिशेब बघा: २२ मिनिटं, ४४ प्रश्न, ११ उतारे. एक उतारा आणि त्याखालचे चार प्रश्न मिळून दोन मिनिटं. शाळेत शब्दन् शब्द नीट वाचायला शिकलेली मुलगी इथे निम्म्यातच अडकते, आणि घरचे म्हणतात, हिला ॲप्टिट्यूडच नाही. आधी प्रश्न वाचायचा, मग त्यातला नेमका शब्द उताऱ्यात हुडकायचा, ही निव्वळ हाताला लागणारी सवय आहे. ‘सांगता येत नाही’ या पर्यायावर तर हुशार मुलंच जास्त फसतात. त्यांना त्या विषयातलं आधीच माहीत असतं ना! उताऱ्यात नसेल तर ते इथे धरायचं नाही, हे अंगवळणी पडायला बरेच उतारे चुकावे लागतात.

गणिताच्या विभागात गणित शाळेतलंच, टक्के आणि गुणोत्तरं. फक्त प्रश्नाला जेमतेम ४३ सेकंद. सिच्युएशनल जजमेंट, म्हणजे अमुक प्रसंगात कसं वागावं हे विचारणारा विभाग, ‘सज्जन मुलाला आपोआप जमतं’ असंही कुणी म्हणतं. जनरल मेडिकल कौन्सिल या ब्रिटनमधल्या नियामक संस्थेची डॉक्टरांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं एकदा वाचून मग बोला.

कोरा सोडण्याचा सल्ला सगळ्यात घातक. ही आपल्याकडच्या ‘नीट’ परीक्षेची सवय, तिथे चुकलं की एक गुण कापतात. यूकॅटमध्ये निगेटिव्ह मार्किंग नाहीच. काहीतरी टिचकवा, पुन्हा बघायला फ्लॅग (खूण) करा, पुढे सरका.

पुन्हा द्यायची म्हणाल, तर थेट पुढच्या वर्षी. एका वर्षात एकच संधी, आणि गुणही त्याच वर्षीच्या अर्जांपुरते.

राहिला भाचा. २०२५पासून ॲब्स्ट्रॅक्ट रीझनिंग हा आकृत्यांतला नियम ओळखायचा विभागच काढून टाकलाय आणि एकूण गुण ३,६०० वरून २,७०० वर आलेत. २,८०० आता कुणालाच पडू शकत नाहीत. म्हणजे भाच्याने दिली ती परीक्षाच आता उरलेली नाही.