पीसीवर आलेला गेम एक्सक्लुझिव्ह राहतो का? धुळ्याच्या वाचकांना उत्तर

भाऊ, सप्रेम नमस्कार.

प्लेस्टेशन या सोनी कंपनीच्या कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राच्या, एक्सक्लुझिव्ह (फक्त त्याच्यासाठी राखलेल्या) गेमची जी यादी मी मागच्या लेखात दिली होती, तिच्यावरचा तुमचा आक्षेप मी दोन-तीनदा वाचला. इतर वाचकांसाठी तो थोडक्यात सांगतो. यादीतले ‘गॉड ऑफ वॉर’, ‘स्पायडर-मॅन’ आणि ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हे तिन्ही गेम आज पीसीवर रीतसर विकत मिळतात, तेव्हा त्यांना एक्सक्लुझिव्ह म्हणणे म्हणजे कंपन्यांच्या जाहिरातीतला शब्द न तपासता उचलणे होय, असे तुमचे म्हणणे आहे. शिवाय तीच यादी दाखवून तुमच्या भाच्याने प्लेस्टेशन ५ चा हट्ट धरला आहे, आणि घरात चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा पीसी आधीच आहे, हेही तुम्ही लिहिले आहे. शब्दाच्या व्याख्येपेक्षा मला हीच गोष्ट जास्त लागली, कारण माझ्या यादीवर विसंबून एखाद्या घरातून पन्नास हजारांच्या आसपास रक्कम बाहेर पडणार असेल, तर ती यादी बिनचूक असायलाच हवी होती.

ती तशी नव्हती. मी नावे दिली, तारखा दिल्या नाहीत. ‘गॉड ऑफ वॉर’ एप्रिल २०१८ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आला आणि जानेवारी २०२२ मध्ये पीसीवर. ‘स्पायडर-मॅन’ सप्टेंबर २०१८ मध्ये आला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पीसीवर गेला. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ने पीसीवाल्यांना जुलै २०२० पासून मे २०२४ पर्यंत थांबायला लावले. तिन्ही वेळा अंतर चार वर्षांना थोडेसेच कमी आहे. पुढे हे अंतरही आटत गेले. ‘स्पायडर-मॅन २’ ऑक्टोबर २०२३ मध्ये प्लेस्टेशन ५ वर आला आणि पंधरा महिन्यांत, म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये, पीसीवर पोहोचला. एवढ्या तारखा यादीत असत्या, तर आपल्याला हवा असलेला गेम आपल्याच टेबलावरच्या मशीनवर चालतो, हे तुमच्या भाच्याला पहिल्या वाचनातच कळले असते.

मात्र जो गेम दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर मिळत नाही तोच एक्सक्लुझिव्ह, ही तुम्ही सुचवलेली व्याख्या मला पटत नाही. ‘कन्सोल एक्सक्लुझिव्ह’ या एकाच शब्दजोडीत आपण दोन निराळ्या गोष्टी कोंबतो आणि वादाचे मूळ तिथे आहे. पहिली गोष्ट म्हणजे कन्सोलपुरता गेम, जो कन्सोलवर मिळतो पण पीसीवर मिळत नाही. ‘रेड डेड रिडेम्प्शन’ २०१० मध्ये सोनीचा प्लेस्टेशन ३ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० या दोन प्रतिस्पर्धी यंत्रांवर एकदमच आला, पण पीसीवर यायला त्याला ऑक्टोबर २०२४ उजाडला. चौदा वर्षे तो कन्सोलपुरता राहिला, तरी एका कन्सोलचा मात्र कधीच नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे एकाच कन्सोलचा गेम, जो सगळ्या कन्सोलांत एकाच कंपनीच्या यंत्रांवर मिळतो, मग तो पीसीवर असो वा नसो. माझी यादी या दुसऱ्या प्रकारची होती, आणि तसे मी स्पष्ट लिहिले नाही.

हा दुसरा अर्थ टाकून द्यावा असे मला वाटत नाही. प्लेस्टेशन घ्यावा की एक्सबॉक्स, अशी चौकशी करत जळगावच्या गोलाणी मार्केटात फिरणारा एखादा माणूस घ्या. त्याच्या घरी फक्त कचेरीच्या कामाचा साधा लॅपटॉप आहे. ‘गॉड ऑफ वॉर’ पीसीवर मिळतो ही माहिती त्याच्या उपयोगाची नाही. त्याच्या निवडीत तो गेम एकाच पारड्यात पडतो, कारण एक्सबॉक्सवर तो आलेलाच नाही. तुमची व्याख्या मानली तर या माणसाला द्यायला माझ्याकडे शब्दच उरत नाही.

पीसीला वेगळे धरण्यामागे आणखी एक कारण आहे आणि माझ्या मते तेच महत्त्वाचे आहे. पीसी हे कोणा एका कंपनीचे दार नाही. त्यावर गेम काढायला कोणाचा परवाना लागत नाही. कन्सोलच्या दारावर मात्र ते बनवणारी कंपनी उभी असते आणि तिच्या संमतीवाचून कोणताही गेम रीतसर आत येत नाही. १९८५ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीने अमेरिकेत आपले यंत्र आणले, तेव्हा परवान्याशिवाय बनवलेली कॅसेट चालू नये म्हणून त्यात कुलुपासारखी एक चिप बसवली होती. बाहेरच्या प्रकाशकांशी केलेल्या करारात तर एका वर्षात पाचच गेम काढण्याची मर्यादा होती आणि तोच गेम दोन वर्षे दुसऱ्या कन्सोलवर न देण्याचे बंधनही होते. एक्सक्लुझिव्ह ही कल्पना अशा करारांतून घट्ट झाली, आणि म्हणून तिचे मोजमाप कन्सोलांच्या आपसातल्या स्पर्धेतच करावे, असे मला वाटते.

‘चालतो’ आणि ‘मिळतो’ यांतला फरकही इथेच येतो. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा जो व्हिडिओ गेम असे, तो निन्टेन्डोचा नव्हता. जपानमध्ये १९८३ साली आलेल्या फॅमिकॉम या निन्टेन्डोच्याच यंत्राची ती नक्कल होती. अमेरिकेतल्या यंत्रासारखी कुलपाची चिप फॅमिकॉममध्ये नसल्याने नकला करणे सोपे गेले, आणि पिवळ्या कॅसेटमधला मारिओ खानदेशातल्या घराघरांत परवान्यावाचून धावला. म्हणून मारिओ निन्टेन्डोचा एक्सक्लुझिव्ह राहिला नाही, असे कोणी म्हणणार नाही. त्याच न्यायाने, इम्युलेटर (कन्सोलची नक्कल करणारे सॉफ्टवेअर) टाकून एखादा गेम पीसीवर चालवता येतो, हा तुमच्या पत्रातला शेवटचा मुद्दा मी हिशेबात धरत नाही. ‘ब्लडबॉर्न’ २०१५ चा, प्लेस्टेशन ४ चा गेम आहे. तो प्लेस्टेशन ५ वरही चालतो, पण दोन्ही यंत्रे सोनीचीच असल्याने तो आजही एकाच कन्सोल-घराण्याचा आहे.

तारखेचे महत्त्व सर्वांत चांगले दाखवणारा गेम आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने केलेला ‘राजी’ १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो स्विचवर आला आणि १५ ऑक्टोबर २०२० रोजी पीसी, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर. मधले जेमतेम दोन महिने तो स्विचचा एक्सक्लुझिव्ह होता, अगदी तुमच्या कडक व्याख्येनेसुद्धा. आणि स्विच हे यंत्र निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकत नव्हती! प्राचीन भारतात घडणारी, पुण्यात तयार झालेली एका मुलीची गोष्ट पहिले दोन महिने आपल्याकडच्या दुकानात रीतसर न मिळणाऱ्या यंत्रावर होती, हे आठवले की आजही मला हळहळ वाटते. लहान स्टुडिओला असे करार का करावे लागतात, हे मी समजू शकतो. पण ‘राजी’ला आज कोणी स्विचचा एक्सक्लुझिव्ह म्हटले तर ते सरळ चूक ठरेल, आणि सप्टेंबर २०२० मध्ये म्हटले असते तर बरोबर ठरले असते.

जाहिरातींबद्दलचा तुमचा राग मात्र पूर्णपणे रास्त आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘राइज ऑफ द टूम रेडर’ एक्सक्लुझिव्ह असल्याची घोषणा झाली, तेव्हा तो फक्त एक्सबॉक्सवर येणार एवढेच व्यासपीठावरून सांगितले गेले, करार ठरावीक मुदतीचा आहे, हे लोकांनी विचारणा केल्यावरच बाहेर आले. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेला तो गेम जानेवारी २०१६ मध्ये पीसीवर आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये प्लेस्टेशन ४ वर पोहोचला. मुदत लपवून वापरलेला हा शब्द ग्राहकाची फसवणूक करतो, आणि मुदत न लिहिता तो छापणारा लेखकही त्या दोषात वाटेकरी होतो, हे मी स्वतःला धरूनच म्हणतो.

म्हणून यादी मी आजच बदलली आहे. प्रत्येक गेमपुढे तो एकाच कन्सोलचा आहे की कन्सोलपुरता, पहिल्यांदा कुठे व कधी आला, पीसीवर कधी गेला आणि ही माहिती कोणत्या दिवशी तपासली, एवढे लिहिले आहे. ‘हेलडायव्हर्स २’ मी यादीतून काढला आहे, कारण तो फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ आणि पीसीवर एकाच दिवशी आला होता आणि ऑगस्ट २०२५ पासून एक्सबॉक्सवरही मिळतो. तो दोन्ही अर्थांनी बाद आहे.

तुमच्या भाच्याला नेमका कोणता गेम खेळायचा आहे, ते विचारून मला कळवा. वरच्या तिन्हींपैकी एखादा असेल तर नवे यंत्र घेण्याची गरज नाही. ‘ॲस्ट्रो बॉट’ असेल तर हे लिहीत असताना तरी प्लेस्टेशन ५ वाचून इलाज नाही. आणि ‘ब्लडबॉर्न’ असेल तर चांगल्या स्थितीतला जुना प्लेस्टेशन ४ पुरेल, तो बराच स्वस्तात पडेल.