उकिरडे फुंकण्याचं सुख

दुसऱ्याच्या कचऱ्यावर डोळा ठेवणाऱ्यांतला मी पूर्वी नव्हतो. जुळे सोलापुरात घर बांधलं, मागे चार झाडं लावली आणि त्यांना घरचं खत घालावं म्हणून विटा रचून एक हौद केला, तिथून मी माणसातून उठलो.

खत करणं सोपं, असं सगळे सांगतात. ओला कचरा, सुका कचरा, मूठभर शेण, आंबट ताक, वरून पाण्याचा शिपका. बाकीचं जिवाणू बघतात. बघतात खरे, पण त्यांचा थाट अधिकमासातल्या जावयासारखा. नायट्रोजनच्या पंचवीस-तीस पट कार्बन त्यांना लागतो. नायट्रोजनला तोटा नाही, भाजीची देठं आणि सालपटं रोज निघतात. अडतं ते कार्बनवर, म्हणजे वाळलेल्या, खुळखुळणाऱ्या मालावर. तो कमी पडला की अमोनियाचा भपकारा सुटतो आणि पलीकडच्या अक्का स्वयंपाकघराची खिडकी धाडकन लावून घेतात. इतकं अचूक मोजमाप कुठल्या यंत्राला जमणार नाही.

तर हा कार्बन मिळवायला मी गावभर उकिरडे फुंकत फिरू लागलो. पाहुणे शेंगा फोडत बसले की माझं लक्ष गप्पांत नसतं, टरफलांच्या ढिगावर असतं. टरफलं लवकर कुजत नाहीत, रात्रभर भिजवून हाताने चुरडावी लागतात. तरी कोणी ती डस्टबिनमध्ये टाकली की काळजात चर्र होतं. सोलापुरी डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून की काय, त्याची साल हौदात वेगळ्याच तोऱ्यात पडून असते, कुजायचं नाव घेत नाही. रसवंतीवाला माझ्यासाठी चिपाडं बाजूला काढून ठेवतो. मी रस पीत नाही, मला शुगर आहे, हे त्याला अजून कोडंच आहे.

एकदा विजापूर रोडला कडब्याची गाडी उभी दिसली. ज्वारीचा कडबा! पिवळाधमक, कोरडा ठाक. मी स्कूटर वळवली.

"किती पेंढ्या पायजेत सायेब? जनावरं किती हायती?"

"जनावरं नाहीत. कुजवायचाय."

त्या माणसाने तोंडातली तंबाखू बाजूला थुंकली. मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग गाडीवरच्या पोराला म्हणाला, "ऐकलास का बे? जनावरांस्नी खायला मिळंना, अन् सायेब कडबा कुजवाया निघालेत." माल काही दिला नाही. वर फुकट सल्ला दिला, घरच्यांना दाखवून घ्या म्हणून. तो बरोबर होता, हे आमच्या आईचं मत.

आईचा मुख्य राग पाण्याचा. मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे गेला की हौद वरून पापडासारखा वाळतो. आतला माल मुठीत आवळल्यावर एखाद-दुसरा थेंब निघायला हवा, नाहीतर जिवाणू संपावर जातात. आणि नळाला पाणी काही रोज येत नाही. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, सगळं पाणी मी तिकडे पळवतो. "आईला अर्धी बादली आन् उकिरड्याला अख्खी," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. बायकोचा प्रश्न अळ्यांपुरता आहे. काळ्या सैनिक माशीच्या त्या गुबगुबीत अळ्या खरकटं फडशा पाडून टाकतात, कुणाला चावत नाहीत, मोठी झालेली माशी घरात घोंघावत नाही. हे मी जेवताना समजावून सांगितलं, तेवढंच चुकीचं झालं म्हणते.

पण गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतली थंडी असावी, सकाळी ढीग उलथायला घ्यावा आणि फावडं आत शिरताच भसकन वाफ निघावी! लोखंडी सळई आत खोचून ठेवायची आणि थोड्या वेळाने काढून धरायची. हाताला चटका बसला तर ५५-६० अंशांवर काम चाललंय. त्या चटक्यात जो आनंद आहे, तो मला पगारवाढीतही झाला नव्हता. मी आईला बोलावून सळईला हात लावायला लावतो. ती लावते, "हां, तापलंय," म्हणते आणि चहा ठेवायला जाते.

पुढे महिन्या-दोन महिन्यांत सगळं काळंभोर, भुसभुशीत होतं. देठ ओळखू येत नाही, साल ओळखू येत नाही. डाळिंबाची तेवढी येते. वास ओल्या मातीचा. मी ते चाळतो, गोणीत भरतो आणि कुणी मागितलं की माझ्या पोटात गोळा येतो.

अक्कांनी मागितलं. खिडकी आपटणाऱ्याच अक्का. तुळशीला हवं म्हणाल्या. नाही कसं म्हणणार? दुधाची रिकामी पिशवी अर्धी भरून दिली आणि वर व्याख्यान दिलं, की माझा ढीग इतका तापतो की रोगाचे जंतू, तणाचं बी, काही म्हणून जिवंत राहत नाही.

परवा त्यांनी कुंपणावरून हाक मारली.

"ओ अण्णा, तुळशीत टोमॅटो आलेत की तुमचे. आमटीत घालू का परत देऊ?"