रोशनदान बुजवा, वीज वाचवा

इमारतीतली वीज वाचवा, असं वरून पत्र आलंय का? घाबरू नका. पंखा लावा, खुर्ची ओढा आणि सांगतो तसं करा.

आधी इमारत बघून घ्या. निजामाच्या काळातली असेल तर नशीब काढलंत. हातभर जाडीच्या दगडी भिंती, मान मोडेल एवढ्या उंचीवर छत, छताखाली ओळीनं रोशनदानं. सकाळी आत आलेला उजेड संध्याकाळशिवाय उठत नाही. पण या उजेडाला ना मीटर, ना बिल, ना टेंडर. मग त्याची बचत दाखवणार कशी? म्हणून पहिलं काम हे: रोशनदानांच्या खालून पीओपीचं छत ठोका. त्यात दोन बाय दोनचे एलईडी पॅनल बसवा. खाली खिडकी उरलीच तर तिच्यासमोर लोखंडी कपाट, कपाटावर लाल फडक्यातले बस्ते. ऐन मे महिन्यात दुपारी बाराला आत मिट्ट काळोख झाला, की समजा, बचत करायला जागा तयार झाली.

आता कायदा. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा, इमारतींची संहिता 2007 ची, ती सुधारली 2017 ला. 2017 ची संहिता म्हणते, ऑफिसात दिव्यांचा भार चौरस मीटरला 9.5 वॅटच्या आत ठेवा. ट्यूबलाइटची जुनी पट्टी 40 वॅटची, वर चोक खायचा तो वेगळाच. नवी 20 वॅटची. अहवालात लिहा, निम्म्याहून जास्त बचत. आधी सहा पट्ट्या होत्या आणि आता अठरा पॅनल आहेत, हे विचारणारा रकाना तक्त्यात नसतोच. संहिता असंही म्हणते, की जिथपर्यंत दिवसाचा उजेड पोचतो तिथले दिवे वेगळ्या बटणावर घ्या. तो प्रश्न पीओपीवाल्यानं मिटवलाय. सगळा हॉल एकाच बटणावर घ्या, बटणाच्या पेटीला कुलूप लावा, किल्ली शिपायाकडं आणि शिपाई तहसीलला. राहिली दिवे आपोआप विझण्याची सोय. ती आपल्याकडं वळवाच्या पहिल्या वाऱ्यापासून फुकट मिळते.

इमारत खासगी असेल, समजा लातुरात शिकवणीची चार मजली, तर काम आणखी सोपं. संहिता लागते 100 किलोवॅट जोडभार, म्हणजे जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा मिळून भार, किंवा वीज कंपनीशी ठरवलेल्या 120 केव्हीए मागणीपासून. तीन भाऊ आहात ना? तीन मीटर घ्या. जिना एक, पाटी एक, भार तिघांत वाटलेला. 2022 च्या दुरुस्तीनं ही मर्यादा आणखी खाली आणायची मुभा राज्यांना दिलीय म्हणे. भाऊ कमी पडले तर मेहुणे आहेतच.

बल्बवर वीजबचतीचे तारे असतात, ते जपा. म्हणजे तारेवाला एक बल्ब पावतीसकट आणा आणि त्याचं खोकं फाईलला लावा. बाकीचे आठवडी बाजारातून आणा, शंभरला तीन. महिन्याभरात लुकलुकायला लागतात, पण फाईलमधलं खोकं कधी लुकलुकत नाही.

14 डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन येतो. शपथ सभागृहातच घ्या, सगळे दिवे लावून. फोटो अंधारात कसा येणार? शपथ झाल्यावर एखादा नवखा कारकून दिवे बंद करायला उठेल. त्याला जुने लोक सांगतीलच, "कामून बंद करायलात? बिल काय तुमच्या खिशातून जातंय का?"

आणि कधी कामाच्या वेळेलाच लाईट गेली तर गडबडून जाऊ नका. शिपाई दारात येऊन विचारेल, "बस्ते बाजूला सारू का साहेब?" हो म्हणा. तो दोन बस्ते उतरवेल, कपाट हातभर सरकवेल, गंजलेली कडी दगडानं ठोकून खिडकी उघडेल. टेबलावर उन्हाचा पट्टा पडेल. सातबारा वाचता येईल, सही कुठं करायची ते दिसेल, समोरच्या म्हाताऱ्याचा चेहरासुद्धा दिसेल. तासभर बरं काम होईल.

लाईट आली, की कपाट आधी जागेवर घ्यायला लावा.