धारणी वर की खाली?

परवा संध्याकाळी परतवाड्याच्या आमच्या कट्ट्यावर चांगलीच जुंपली, तीही एका शब्दावरून. अमरावतीहून आलेला आमचा वकील मित्र सहज बोलून गेला, "तुम्ही वर मेळघाटात राहणारे लय दूर राहता बा."

धारणीकडच्या खेड्यातला आमचा कोरकू दोस्त, त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाला, "वर? धारणी कुठे वर आहे?"

वकिलाला प्रश्नच कळला नाही. खरं तर आमच्यातल्या निम्म्यांनाही नाही. अमरावतीच्या काळ्या मातीच्या सपाटीवरून उत्तरेला पाहिलं की गाविलगडची रांग भिंतीसारखी उभी दिसते. चिखलदरा १,११८ मीटरवर, वैराट त्याहून उंच. गाडी घटांगकडे चढली की आपण वर आलो, असं आपण धरूनच चालतो. पण पुढे सेमाडोहपासून सिपना नदीच्या सोबतीने रस्ता उतरत जातो. धारणी तापीच्या खोऱ्यात आहे, जवळजवळ अमरावतीच्याच उंचीवर. म्हणजे डोंगर चढून पुन्हा उतरायचं, आणि तरी म्हणायचं "वर".

दादाने चहात बोट बुडवून कट्ट्याच्या फरशीवर रेघ ओढली. "हा डोंगर. या अंगाने सापन, बिच्छन उतरतात, अचलपूरले बिलगून पूर्णेकडे जातात. त्या अंगाने सिपना, गडगा तापीत जातात. आणि पूर्णा न् तापी चांगदेवले एक होतात. पाणी एकच होते, भाऊ."

"पाणी होते एक," वकील म्हणाला, "पण माणसाले कामासाठी अमरावतीलेच यावं लागते."

"तेच तर सांगू राह्यलो!"

मग त्याने बापाच्या नावातल्या चुकीची गोष्ट सांगितली. एका कागदावर एक अक्षर चुकलेलं. पहाटे गावातून पायी निघून डांबरी रस्ता, तिथून एसटी, घाट, जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंत दुपार. सही करणारे साहेब दौऱ्यावर. रात्र बसस्थानकाच्या फरशीवर काढली, उशाला कागदांची पिशवी, कोणी नेऊ नये म्हणून तिचा बंद मनगटाला बांधलेला. दोन दिवसांची मजुरी बुडाली, अक्षर तसंच राहिलं. हे सांगताना त्याचा आवाज जराही चढला नाही, म्हणून मला ते जास्त लागलं.

आरामशीनवाला मित्र म्हणाला, "म्हणून तर अचलपूर जिल्हा करा म्हणतो आपण, किती वर्सापासून!" मी त्याच्या बाजूने बोलणारच होतो, तेवढ्यात मास्तर मधे पडला. तो हरिसालकडे शिकवतो. "अचलपूर झाला तरी घाट मधातच राहीन ना?"

त्याच्याकडे त्याचं कारण होतं. शाळेतल्या एका पोराच्या आईला बाळंतपणासाठी एका दवाखान्यातून पुढे पाठवलं, तेव्हा हा गाडीत सोबत होता. घाटात प्रत्येक वळणावर ती सीटची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरायची आणि वळण सरलं की सोडायची. बोलायची कोरकूत. गाडीत तिच्या सासूशिवाय कोणालाच ते कळत नव्हतं. कोरकू ही मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीची बहीण. मराठीशी तिचं नातं नाही. "कोरो" म्हणजे माणूस, "कोरकू" म्हणजे माणसं. मास्तर म्हणाला, "बाया-लेकरांचे डॉक्टर धारणीलेच बाराही महिने पाह्यजेत. जिल्हा कुठेही करा."

मलाही हे पटलं. जिल्ह्याच्या मागणीवर मी मोर्चात गेलोय, ती मागणी रास्तच आहे. पण आपण नकाशा कायम दक्षिणेकडूनच पाहत आलो. १८०३च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीला गाविलगड घ्यायचा होता, तेव्हा स्टीव्हन्सनच्या तुकडीने रस्ता काढत, तोफा ओढत डोंगरातून वळसा घालून किल्ल्याची उत्तर बाजू गाठली होती. दादाच्या गावाला तर उत्तरच जवळची. बाजार खंडव्याचा, बऱ्हाणपूरचा. आत्या दिली तीही तिकडेच. १९५६ पर्यंत धारणी आणि खंडवा एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. मग रेघ पडली. सोयरिकी रेघेच्या दोन्हीकडे राहिल्या आणि कचेरी घाटाच्या अल्याड.

"मंग काय, मध्य प्रदेशात जायचं आहे तुले?" आरामशीनवाल्याने विचारलं.

"नाही. काऊन जाऊ? होळीले सारा गाव कुठून कुठून घरी येते. अकोट, अचलपूर, जिथं मजुरीले गेले तिथून. आमचं घर तिथंच आहे. तुम्ही या तिकडे."

वकील बराच वेळ फरशीवरची ती रेघ पाहत होता. वाळली होती. मग म्हणाला, "तो बापाच्या नावाचा कागद दे माह्याकडे. मी पाहतो."

"एकट्याचा देऊन काय करू? गावात असे अकरा आहेत."

"अकराही दे."

दादाने पिशवी उघडली. अकराही कागद तिच्यातच होते.