दोन ब्रास राडारोडा

बाथरूमची जुनी फरशी फोडून नवी बसवायची होती. ठेकेदाराचं कोटेशन चार ओळींचं होतं. बिल आलं ते दोन पानी, पाठपोट. कोटेशन देताना ही मंडळी घाईत असतात; बिल लिहायला बसली की एकेक आठवायला लागतं. गोण्या वर चढवायची हमाली, कोपरे घासणे, 'केमिकल' (कुठलं ते विचारायचं नाही).

मी टेप काढला. आमचं बाथरूम 8 बाय 5. जमीन 40 चौरस फूट, भिंती 7 फुटांपर्यंत म्हणजे 182, दाराचे साडेसतरा वजा. झाले 204.5. बिलात 245!

"दार वजा करत नाहीत, काका. कडा कापायला लागतात ना! वर 10 टक्के वेस्टेज."

वेस्टेज फरशी घेताना धरतात. ते धरूनच मी दुकानातून फरशी आणली होती. म्हणजे फरशी माझी, फोडली यांच्या माणसाने, आणि ती फुटकी फरशी न बसवल्याची मजुरीही मीच द्यायची.

पण खरी बहार पुढे होती. 'राडारोडा उचलणे, 2 ब्रास.'

एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. दोनशे घनफूट 40 चौरस फुटांत पसरले, तर पाच फूट उंच थर होतो. छत साडेनऊ फुटांवर. म्हणजे इतकी वर्षं आम्ही उरलेल्या साडेचार फुटांत वाकून आंघोळ करत होतो म्हणायचं!

हे मी कागदावर आकृती काढून दाखवलं. त्याने ती मन लावून पाहिली.

"फोडल्यावर माल फुगतो, काका."

फुगतो, मान्य. पण इतका?

"मग पक्कं बिल द्या," मी आवाज चढवला.

"देतो की. जीएसटी 18 टक्के वर लागेल."

माझा आवाज आपोआप खाली आला. तेवढ्यात आतून सौ. म्हणाल्या, "अहो, ताणू नका. उद्या खालच्यांकडे गळायला लागलं तर यांनाच बोलवायचंय." हे तिने त्याच्यासमोर बोलायला नको होतं. त्याने लगेच पंख्याखालची खुर्ची ओढून घेतली.

शेवटी राडारोडा एका ब्रासवर आला, दार वजा झालं, वेस्टेज तसंच राहिलं. केमिकलचा विषय मी काढला नाही.

नोटा मात्र त्याने थुंकी लावून दोनदा मोजल्या. त्यात काही वेस्टेज धरलं नाही.