खुलासा : भज्यांखाली रद्दी नको

‘रद्दीचे दहा उपयोग’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या फिरतो आहे. त्यातला एक उपयोग असा : हल्ली शाई सोयाबीन तेलाची असते, म्हणून भजी-वडे तळून वर्तमानपत्रावर काढले तरी चालतात. हे चुकीचं आहे, कृपया पुढे पाठवू नका.

शाईतलं तेल वनस्पतीजन्य असलं तरी रंगद्रव्यं आणि इतर रसायनं त्यात असतातच. आणि गरम, तेलकट पदार्थ ती सहज ओढून घेतो. वड्याच्या बुडाला उलटी अक्षरं उमटलेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत! शिवाय तो कागद छापखान्यापासून दारापर्यंत किती हातांतून, किती फरशांवरून येतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2016 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये याबद्दल सावध केलं आहे. 2018 च्या वेष्टन नियमांतही वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई आहे.

तेल निथळायला झारा आणि जाळीची चाळण पुरते. डब्यात पोळीखाली धुतलेलं सुती फडकं घाला.

संदेशातले काचा पुसणं, पावसाळ्यात ओल्या बुटांत बोळे कोंबणं हे उपयोग मात्र अगदी योग्य आहेत, ते जरूर करा.